विश्लेषण : मोतीबिंदूने क्लोद मोने यांचे रंग कसे बदलले? शस्त्रक्रियेनंतर सगळे निळे का दिसू लागले?

बागेतल्या तळ्यावरचा लाकडी पूल तोच, तो काढणारा चित्रकारही तोच. १८९९ मधल्या चित्रात पुलाची कमान रेखीव आहे. खाली हिरवट-निळे पाणी आहे, पाण्यावर तरंगणारी फुले मोजता येतील इतकी स्पष्ट आहेत. त्यानंतर साधारण वीस वर्षांनी काढलेल्या चित्रांत मात्र लाल, नारिंगी आणि तपकिरी रंगाचे जाड फटकारे एकमेकांत गुंतलेले दिसतात. हा पूल आहे हे चित्राचे नाव वाचल्यावरच कळते. मधल्या काळात पुलावर विस्टेरियाच्या वेलींचा मांडव चढला होता, हे खरे. पण मांडवामुळे पाणी लाल होत नाही.

ही सगळी चित्रे फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची. मधल्या वीस वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला होता. आयुष्यभर फक्त ‘दिसते कसे’ याचाच पाठपुरावा केलेल्या माणसाला दिसेनासे होऊ लागले होते. त्याच सुमारास फ्रान्सच्या सरकारला दिलेल्या भव्य चित्रमालिकेचे काम त्यांच्या स्टुडिओत अर्धवट उभे होते.

मोने कोण होते?

१४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये जन्म, पण बालपण ल हाव्र या बंदराच्या गावात. शाळकरी वयातच गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रे काढून विकणारा हा मुलगा. युजीन बुदँ या स्थानिक चित्रकाराने त्यांना खोलीबाहेर आणले आणि उघड्यावर, समोरचे दृश्य पाहत रंगवायला लावले. पुढे पॅरिसमध्ये शिकताना रेन्वार, सिस्ले आणि बाझीय हे समवयस्क भेटले. या मित्रमंडळीतूनच नंतर दृक्प्रत्ययवाद, म्हणजेच इंप्रेशनिझम, उभा राहिला.

उघड्यावर रंगवणे ही तेव्हा तांत्रिकदृष्ट्या नवी सोय होती. १८४१ मध्ये धातूच्या, दाबून रंग काढायच्या ट्यूबचे पेटंट घेतले गेले. त्याआधी चित्रकार रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. ट्यूब खिशात टाकता येऊ लागली, रेल्वे पॅरिसबाहेर नेऊ लागली आणि चित्रकार नदीकाठी जाऊन बसले. मोने यांचा हट्ट मात्र सोयीच्याही पुढचा होता. ‘बागेतील स्त्रिया’ हे सुमारे अडीच मीटर उंचीचे चित्र त्यांना पूर्णपणे बागेतच रंगवायचे होते. वरच्या भागापर्यंत हात पोहोचेना, तेव्हा त्यांनी जमिनीत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हासच खाली सोडण्याची सोय केली. कारण शिडीवर चढले की नजरेचा कोन बदलतो!

एवढे करून १८६७ च्या सरकारी प्रदर्शनाने, म्हणजे सलोंने, ते चित्र नाकारले. मित्र बाझीयने ते २,५०० फ्रँकला घेतले, तेही दरमहा ५० फ्रँकच्या हप्त्याने. याच चित्राचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

‘इंप्रेशन’ हे नाव कुठून आले?

सलोंच्या नकारांना कंटाळून या मंडळींनी एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले. जागा होती छायाचित्रकार नादार यांचा जुना स्टुडिओ. त्यात मोने यांचे ल हाव्र बंदरातल्या पहाटेचे एक चित्र होते, ‘इंप्रेशन, सूर्योदय’. समीक्षक लुई लरुआ यांनी त्या शीर्षकावरूनच सगळ्या प्रदर्शनाची खिल्ली उडवली. चिडवण्यासाठी दिलेले नाव चळवळीला कायमचे चिकटले.

या चित्राबाबत एक प्रयोग आताच करता येईल. चित्र फोनवर उघडा, स्क्रीनशॉट घ्या आणि फोटो एडिटरमध्ये ते कृष्णधवल करा. धुक्यातला तो झगझगीत नारिंगी सूर्य जवळपास गायब होतो. हार्वर्डच्या मेंदूविज्ञान संशोधक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे. सूर्य आणि भोवतालचे आकाश यांची उजळता चित्रात जवळजवळ सारखी आहे, फरक आहे तो केवळ रंगाचा. हालचाल आणि जागा ओळखणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेला मुख्यतः उजळतेतला फरक कळतो, त्यामुळे तिला हा सूर्य सापडत नाही. रंग ओळखणाऱ्या यंत्रणेला तो दिसतो. म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो. मोने यांना अर्थातच हे विज्ञान माहीत नव्हते. त्यांचा डोळा रंगांतले फरक किती बारकाईने पकडत होता, एवढे मात्र यातून कळते.

या सवयीने त्यांना स्वतःलाही धक्का दिला होता. १८७९ मध्ये त्यांची पत्नी कामीय वयाच्या ३२ व्या वर्षी आजारपणात गेली. मृत्युशय्येवरच्या पत्नीचेही चित्र त्यांनी काढले. तिच्या चेहऱ्याकडे पाहताना आपण नकळत निळी, पिवळी, करडी छटा कुठे उतरते आहे ते टिपत होतो, हे ध्यानात आल्यावर आपण हादरलो, असे त्यांनी बऱ्याच वर्षांनी जॉर्ज क्लेमान्सो या मित्राला सांगितले होते.

एकाच गंजीची इतकी चित्रे कशासाठी?

१८८३ मध्ये मोने पॅरिसपासून काही तासांवरच्या झिव्हेर्नी या खेड्यात राहायला गेले. सोबत अलीस होशदे आणि दोघांची मिळून आठ मुले होती. सुरुवातीला घर भाड्याचे होते, ते १८९० मध्ये विकत घेतले. त्याच सुमारास जवळच्या शेतातल्या धान्याच्या गंजी त्यांनी रंगवायला घेतल्या.

काम करण्याची पद्धत अशी. एका वेळी अनेक कॅनव्हास शेतात न्यायचे. ऊन सरकले की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवायचा आणि त्या उजेडाचा दुसरा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तोच उजेड आला की पहिला पुन्हा पुढे. सावत्र मुलगी ब्लांश हातगाडीवरून हे कॅनव्हास ओढत नेई. या हिशेबात गंजी हे केवळ निमित्त. खरे मोजमाप उजेडाचे. पॉप्लर वृक्षांची मालिका रंगवताना तर ती झाडे तोडून विकली जाणार असल्याचे कळले. चित्रे संपेपर्यंत ती उभी राहावीत म्हणून मोने यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे दिले. रुआँच्या कॅथेड्रलसमोर खोली घेऊन त्यांनी तीसच्या आसपास चित्रे काढली.

१८९१ मध्ये पॉल द्युरां-रुएल या कलाव्यापाऱ्याच्या गॅलरीत गंजींची १५ चित्रे लागली आणि काही दिवसांतच विकली गेली. त्या मालिकेतल्या एका चित्राला मे २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी डॉलरहून अधिक किंमत आली.

पैसा आल्यावर त्यांनी तो तळ्यात घातला. रस्त्यापलीकडची जमीन घेऊन, ओढ्याचे पाणी वळवून त्यांनी १८९३ मध्ये तळे करायला घेतले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. ही परदेशी झाडे पाणी विषारी करतील, मग गुरे आणि धुणी यांचे काय, अशी त्यांची तक्रार होती. परवानगी शेवटी मिळाली. त्यानंतर पाण्यावरच्या फुलांची निगा राखायला स्वतंत्र माळी आला आणि मोटारींची धूळ पानांवर बसते म्हणून मोने यांनी स्वखर्चाने रस्त्यावर डांबर टाकून घेतले. (मराठीत या फुलांना सर्रास ‘मोनेची कमळे’ म्हटले जाते. ती कमळे नाहीत, कुमुदिनी आहेत. कमळाचे पान आणि फूल देठावर पाण्याच्या वर उभे राहते, मोने यांच्या चित्रांतली पाने पाण्याला चिकटून तरंगतात. चित्र पाहताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. पानांच्या मधून आकाशाचे प्रतिबिंब दिसायला पाणी मोकळे लागते आणि मोने यांना ते प्रतिबिंबच हवे होते.)

डोळ्यांत नेमके काय बिघडले?

१९११ मध्ये अलीस गेल्या. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान केले. उजवा डोळा अधिक बिघडलेला होता. मोने तेव्हा ७१ वर्षांचे होते. १९१४ मध्ये थोरला मुलगा झ्याँ वारला. त्याची विधवा म्हणजे तीच ब्लांश, गंजींच्या वेळी हातगाडी ओढणारी. ती परत झिव्हेर्नीला आली आणि शेवटपर्यंत तिने मोने यांना सांभाळले.

मोतीबिंदूत डोळ्याचे नैसर्गिक भिंग गढूळ होते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असते. कमी माहीत असलेली बाब म्हणजे वाढत्या वयाच्या मोतीबिंदूत ते भिंग पिवळे आणि नंतर तपकिरीही होत जाते. पिवळी काच निळा प्रकाश अडवते. जांभळा आणि निळा म्हणजे साधारण ४०० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. तोच सर्वात आधी गळतो. लाल आणि पिवळा त्या मानाने आत येत राहतो.

फोनमधले ‘नाइट लाइट’ किंवा ‘आय कम्फर्ट’ पूर्ण वाढवून एखादे रंगीत छायाचित्र पाहा. पांढरे पिवळट होते, निळे मळकट होते, जांभळे आणि काळे यांत फरक करणे अवघड जाते. आता स्क्रीनवर वाफ धरली आहे अशी कल्पना करा. मोने यांचे जग साधारण असे झाले असावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मर यांनी २००६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने हेच करून दाखवले. झिव्हेर्नीच्या तळ्याची छायाचित्रे त्यांनी मोने यांच्या नोंदलेल्या दृष्टीइतकी धूसर आणि पिवळी केली. तयार झालेली दृश्ये शेवटच्या काळातल्या पुलाच्या चित्रांशी आश्चर्य वाटावे इतकी जुळतात.

पण मग रंगही तसेच दिसले असते ना?

इथे एक रास्त शंका येते. डोळ्यासमोर पिवळी काच असेल तर तळे पिवळे दिसेल, पण कॅनव्हासवरचा रंगही त्याच काचेतून पिवळाच दिसेल. म्हणजे तळ्याशी जुळणारा रंग निवडला तर दोन्ही चुका एकमेकींना छेद देतील आणि चित्र निरोगी माणसाला बरोबरच दिसायला हवे. सोळाव्या शतकातला चित्रकार एल ग्रेको याच्या लांबट आकृत्यांचे खापर त्याच्या डोळ्यांच्या दोषावर फोडले गेले, तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला होता. आकार ताणलेला दिसत असेल तर कॅनव्हासवरची आकृतीही ताणलेली दिसेल, मग तो ती आणखी ताणेलच कशाला? एल ग्रेकोच्या बाबतीत हा आक्षेप बिनतोड आहे.

मोने यांच्या बाबतीत तो अर्धाच लागू पडतो. आकार ताणला तर माहिती हरवत नाही, उलट्या दिशेने ताणून ती परत मिळवता येते. निळा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचलाच नाही तर मात्र माहितीच नाहीशी होते. गडद निळा, गडद हिरवा आणि तपकिरी हे तीन रंग आतून एकसारखेच दिसू लागतात. तळ्यातल्या सावलीशी यातला कोणताही रंग ‘जुळतो’. त्यामुळे हाताला जो लागेल तो बरोबर वाटतो. उरलेल्या रंगांत जो ठळक कळतो, म्हणजे लाल, नारिंगी, पिवळा, त्याचा वापर वाढतो.

मोने यांनी हे स्वतःच ओळखले होते. लाल रंग आपल्याला मळके दिसतात, गुलाबी फिके पडलेत, आधीचे तेज हाती येत नाही, असे त्यांनी एका समीक्षकाला सांगितले होते. त्यांनी उपायही अभियांत्रिकी थाटाचा शोधला. ट्यूबवरची नावे वाचून रंग घ्यायचे आणि पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा कायम ठेवायची. डोळ्यांवर भरवसा उरला नाही तेव्हा ते लेबल आणि सवयीवर काम करू लागले. भर उन्हात बाहेर काम करणे टाळू लागले. बाहेर पडलेच तर मोठ्या काठाची गवती टोपी घालत. गढूळ भिंगात ऊन विखुरते आणि समोर नुसती चमक उरते.

एवढे सगळे मोतीबिंदूच्या खात्यावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. फटकारे मोठे होत जाणे, कडा विरघळणे हे मोने यांच्या चित्रांत निदानाच्या आधीपासून सुरू होते. लाल-तपकिरी रंगाचा अतिरेक मात्र आधी नव्हता आणि शस्त्रक्रियेनंतर तो ओसरला. म्हणून रंगाबाबत डोळ्यांना जबाबदार धरता येते, शैलीबाबत तसे ठामपणे म्हणता येत नाही.

शस्त्रक्रिया दहा वर्षे का टाळली?

भीती हे पहिले कारण आणि ती निराधार नव्हती. पॅरिसमध्येच राहणाऱ्या अमेरिकन चित्रकार मेरी कसाट यांच्या डोळ्यांवरच्या शस्त्रक्रिया अपयशी ठरल्या होत्या आणि त्यांचे काम थांबले होते. ओनोरे दोमिए यांचेही उदाहरण होतेच. शिवाय तेव्हा मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायची पद्धत होती. हा शब्द आपल्याकडच्या आज्या-आजोबांच्या तोंडी अगदी अलीकडेपर्यंत होता. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे कारण स्टुडिओत उभे होते. पहिले महायुद्ध सुरू झाले त्याच सुमारास मोने यांनी सुमारे २३ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असा नवा स्टुडिओ बांधायला घेतला. त्यात चाके लावलेल्या घोड्यांवर दोन मीटर उंचीचे कॅनव्हास गोलाकार मांडून ते तळे रंगवत होते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. दुसऱ्याच दिवशी मोने यांनी क्लेमान्सो यांना पत्र लिहिले. विजयाच्या दिवसाची तारीख घालून सही केलेली दोन मोठी चित्रे आपण देशाला देऊ इच्छितो, असे त्यात होते. क्लेमान्सो तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान होते. मूळ शिक्षण मात्र डॉक्टरकीचे.

दोन चित्रांचे बोलणे वाढत वाढत एका अख्ख्या दालनापर्यंत गेले. वाटाघाटींच्या ओघात सरकारने १९२१ मध्ये ‘बागेतील स्त्रिया’ हे चित्र २,००,००० फ्रँकला विकत घेतले. होय, सलोंने १८६७ मध्ये नाकारलेले तेच चित्र! एप्रिल १९२२ मध्ये करारावर सह्या झाल्या. चित्रे सीन नदीकाठच्या ओरांझरी या इमारतीत लागणार होती. मोने यांना ती दोन वर्षांत द्यायची होती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डॉ. शार्ल कुतेला यांनी त्यांना तपासले. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळत होता. डाव्याची दृष्टी सामान्य दृष्टीच्या दहाव्या भागाएवढी होती. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालायला दिले. त्याने काही काळ बरे दिसू लागले आणि मोने खूश झाले. बाहुली रुंद झाली की भिंगाच्या कमी गढूळ कडेतून प्रकाश आत येतो, त्याचा हा परिणाम. तो टिकणारा नव्हता. क्लेमान्सो पाठीशी लागलेच होते. अखेर मोने उजव्या डोळ्यासाठी तयार झाले.

१९२३ मध्ये शस्त्रक्रिया कशी झाली?

जानेवारी १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ती दोन टप्प्यांत झाली. आधी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा छोटा भाग काढला, मग काही आठवड्यांनी भिंग. आज जखम काही मिलिमीटरची असते आणि रुग्ण दुपारी घरी जातो. तेव्हा डोळा बराच मोठा उघडावा लागे आणि जखम भरेपर्यंत रुग्णाला जराही हलता येत नसे. दोन्ही डोळे बांधलेले, उशी नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मोने हे शांत पडून राहणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पट्ट्या ओढून काढण्याचा प्रयत्न केला.

भिंग काढताना त्याचे मागचे पातळ आवरण जागेवर ठेवले जाते. ते आवरणही गढूळ झाले आणि जुलैमध्ये तिसऱ्यांदा डोळ्यावर शस्त्र चालवावे लागले. शस्त्रक्रियेचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे मोने यांनी त्या उन्हाळ्यात डॉ. कुतेला यांना कळवले.

पुढचा त्रास चष्म्याचा. डोळ्याच्या आत बसवायचे कृत्रिम भिंग तेव्हा नव्हतेच. ब्रिटिश डॉक्टर हॅरल्ड रिडली यांनी ते पहिल्यांदा १९४९ मध्ये बसवले. तोवर काढलेल्या भिंगाची जागा जाड काचेने भरून काढायची. आपल्याकडेही १९८० च्या दशकापर्यंत मोतीबिंदूच्या शिबिरांतून आलेल्या म्हाताऱ्यांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा तो चष्मा असे. अशा काचेतून वस्तू सुमारे २५ ते ३० टक्के मोठी दिसते. मोने यांचा दुसरा डोळा मोतीबिंदूसकट तसाच होता. म्हणजे एका डोळ्याला पूल मोठा आणि निळसर, दुसऱ्याला लहान आणि तपकिरी! मेंदू ही दोन चित्रे एकत्र करू शकत नाही. एक डोळा झाकूनच काम करावे लागे, पण एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया मात्र त्यांनी ठाम नाकारली.

सगळे निळे का दिसू लागले?

वर्षानुवर्षे डोळ्यावर असलेली पिवळी काच एका दिवसात काढली गेली. मेंदूने तोवर त्या पिवळेपणाशी जुळवून घेतले होते, निळ्याचा आवाज वाढवून ठेवला होता म्हणा ना. आता खरा निळा आत आला तो अंगावर आल्यासारखा. शस्त्रक्रियेनंतर निळसर झाक दिसण्याची तक्रार आजही अनेक रुग्ण करतात. बहुतेकांची ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते. मोने यांना कधी पिवळे तर कधी निळे जास्त दिसत राहिले आणि यातले खरे कोणते, हे त्यांना ठरवता येईना.

इंटरनेटवर याची एक चटकदार आवृत्ती फिरते, की मोने यांना शस्त्रक्रियेनंतर अतिनील किरण दिसू लागले. यात तथ्याचा अंश आहे. आपले नैसर्गिक भिंग ४०० नॅनोमीटरच्या खालचा बराचसा प्रकाश अडवते आणि ते काढल्यावर त्यातला काही भाग दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. तो निळसर पांढरा भासतो. पण मोने काम करत ते जाड काचेचा चष्मा लावून, आणि काचही त्यातला काही भाग अडवतेच. निळ्याचा पूर समजायला पिवळे भिंग निघून गेले एवढे कारण पुरेसे आहे. सुपरपॉवरची गरज नाही.

खरा पेच वेगळाच होता. दहा वर्षे रंगवलेली चित्रे ते आता दुरुस्त झालेल्या डोळ्याने पाहत होते. ती पाहून ते हबकले. काही त्यांनी नष्ट केली, काही घरच्यांनी लपवून वाचवली. स्वतःचे काम नष्ट करण्याची त्यांची सवय जुनी होती. १९०८ मध्ये तर प्रदर्शनाच्या तोंडावर त्यांनी कुमुदिनींची किमान १५ चित्रे फाडली होती. पण तेव्हा निकष त्यांचा होता. आता निकषच डळमळीत झाला होता.

ओरांझरीच्या चित्रांचे काय झाले?

कराराची मुदत टळून गेली. जानेवारी १९२५ मध्ये मोने यांनी देणगीच रद्द करत असल्याचे सरकारला कळवले. क्लेमान्सो संतापले. दिलेला शब्द मोडणाऱ्याशी मैत्री ठेवता येणार नाही, अशा अर्थाचे पत्र त्यांनी मोने यांना पाठवले. दरम्यान झाक मावास या नेत्रतज्ज्ञाने मोने यांना झाइस कंपनीच्या रंगीत छटेच्या काचा वापरून पाहायला लावल्या. निळ्याचा जोर कमी झाला. १९२५ च्या उन्हाळ्यात डोळ्याला रंग पुन्हा नीट कळू लागले आणि पत्रांचा सूर पालटला. आपण आनंदाने काम करत आहोत, असे ते लिहू लागले. मोठे कॅनव्हास त्यांनी पुन्हा हाती घेतले आणि त्यांतले निळे-हिरवे आपल्या नव्या डोळ्याने पारखून घेतले. चित्रे हातावेगळी मात्र केली नाहीत. जिवंत असेपर्यंत एकही स्टुडिओबाहेर गेले नाही.

५ डिसेंबर १९२६ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, झिव्हेर्नीच्या घरी मोने यांचे निधन झाले. अंत्यविधीला आलेल्या क्लेमान्सो यांनी शवपेटीवरचे काळे कापड बाजूला सारले आणि फुलाफुलांचे रंगीत कापड टाकायला लावले, असे सांगितले जाते. मोने यांनी आपल्या पॅलेटवरून काळा रंग कधीच हद्दपार केला होता.

मे १९२७ मध्ये ओरांझरीची दोन लंबगोल दालने उघडली. सुमारे दोन मीटर उंचीची आठ भव्य चित्रे. सलग धरली तर जवळपास १०० मीटर लांबीची. इमारत पूर्व-पश्चिम पसरलेली असल्याने पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा प्रकाश त्याच दिशेने मांडलेला. गर्दी मात्र झाली नाही. पिकासोच्या काळात धूसर तळी जुनाट वाटत होती. १९६० च्या दशकात तर दुसऱ्या एका संग्रहासाठी वर मजला चढवण्यात आला आणि नैसर्गिक उजेड बंद झाला. आयुष्यभर उजेड मोजणाऱ्या माणसाची चित्रे पुढची चाळीस वर्षे दिव्यांखाली होती. छत उघडून तो उजेड परत आणण्याचे काम २००६ मध्ये पूर्ण झाले.

आणि ते लाल पूल? मोने यांनी ते विकले नाहीत, प्रदर्शनातही मांडले नाहीत. झिव्हेर्नीच्या स्टुडिओत ते पडून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमधल्या अमूर्त चित्रकारांना त्या काळातल्या मोने यांच्यात आपला पूर्वज दिसला. तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५५ मध्ये एक भव्य कुमुदिनी विकत घेतली. तीन वर्षांनी आगीत ती गेली, तेव्हा संग्रहालयाने दुसरी घेतली. घरात उरलेली चित्रे धाकटा मुलगा मिशेल याने मृत्युपत्राने पॅरिसच्या मारमोताँ संग्रहालयाला दिली. १९६६ पासून ती तिथे आहेत, लाल पूलही आणि पूर्वीच्या निळ्या कुमुदिनीही. मोने यांचा चष्माही याच संग्रहालयात ठेवलेला आहे.